सोलर इन्व्हर्टर बसवण्याआधी घराचं वायरिंग: सुरुवात न्यूट्रलपासून करा

हायब्रिड सोलर इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि खांबावरची वीज तिन्ही सांभाळणारा) भिंतीवर चढवायला एक दिवस पुरतो. त्याच्यासाठी घराचं वायरिंग तयार करायला, घर जुनं असेल तर, तीन ते पाच दिवस लागतात. गोव्यात छपरांवर पॅनेल भराभर चढतायत, पण हे दुसरं काम घाईत मागे राहतं. मग पावसाळ्यात फोन सुरू होतात. लाईट गेली, इन्व्हर्टर चालू दिसतो, पण घरात काळोख. पाऊस लागला की आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो. फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिणतं. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ घराच्या भिंतीत असतं, आणि त्यातही न्यूट्रलच्या तारेत, म्हणजे फेजमधून आलेला करंट ज्या तारेने परत जातो तिच्यात.

मी डिचोली आणि फोंडा भागात वायरिंगची कामं करतो. हा लेख घरमालकासाठी आहे: काम कोणत्या क्रमाने व्हायला हवं, वायरमनला काय विचारायचं आणि पैसे देण्याआधी काय तपासून घ्यायचं. डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटांचे स्विच असलेलं खोकं; त्याचं झाकण उघडून आत हात घालायचं काम परवानाधारक वायरमनचंच. सोलरच्या बाबतीत तर जास्तच, कारण मेन स्विच पाडला तरी दिवसा पॅनेलकडून येणाऱ्या तारेत ४०० व्होल्ट उभे असतात.

जुन्या इन्व्हर्टरची सवय

आपल्याकडे बहुतेक घरांत आधीपासून एक इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी असते. तो बसवताना वायरमनने काय केलं? दिवे आणि पंख्यांच्या फेजची एक वेगळी तार इन्व्हर्टरमधून फिरवली. न्यूट्रल होता तसा सगळ्या घराचा एकच ठेवला. त्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आरपार जात असल्यामुळे हे वर्षानुवर्षं चाललं.

हायब्रिड इन्व्हर्टर तसा नाही. खांबावरची वीज गेली की तो आतल्या रिलेने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) फेज आणि न्यूट्रल दोन्ही ग्रीडपासून, म्हणजे वीज खात्याच्या लाईनपासून, तोडतो. लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ते गरजेचं आहे. त्या क्षणापासून बॅकअपच्या (लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या भागाच्या) फेजला परत यायला फक्त बॅकअपचाच न्यूट्रल उरतो. तुमच्या दिव्याचा न्यूट्रल जुन्या सामाईक पट्टीवर असेल, तर करंटला वाटच नाही. आणि वायरमनने ‘सोपं’ म्हणून दोन्ही न्यूट्रल एकत्र बांधले, तर वीज असताना करंट दोन वाटांनी विभागला जातो, आरसीसीबीला फेज आणि न्यूट्रलचा हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. काही इन्व्हर्टर सरळ फॉल्ट दाखवून बंद होतात.

माझ्या पहिल्या हायब्रिडच्या कामात मी हेच केलं होतं. जुन्या इन्व्हर्टरची तार काढली, नव्याला जोडली. दिवसभर सगळं उत्तम. तिसऱ्या संध्याकाळी गडगडाट होऊन लाईट गेली आणि खालचा मजला उजळला, माडीवर मात्र काळोख. त्या घरातल्या काकींनी मेणबत्ती घेऊन जिना चढताना माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. माडीच्या दिव्यांचा न्यूट्रल खालच्या गिझरच्या लाईनला बांधलेला निघाला. तेव्हापासून न्यूट्रल वेगळे झाल्याची खात्री होईपर्यंत मी इन्व्हर्टरचं खोकं उघडत नाही.

कागद आधी

यावर फार लिहीत नाही, पण क्रम चुकवू नका. ग्रीडला जोडायची यंत्रणा वीज खात्याच्या मंजुरीशिवाय जोडता येत नाही. घरगुती अनुदान हवं असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेच्या पोर्टलवर अर्ज करून, नोंदणीकृत व्हेंडरकडूनच काम घ्यावं लागतं. अनुदान पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,००० रुपये. पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले असावे लागतात. बॅटरीचा खर्च यात धरला जात नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही. काम झाल्यावर पाहणी, करार आणि दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर, या क्रमाने पुढे जातं.

वेळेचं गणित असं ठेवा: शिगमो आटोपला की भिंतीतलं काम सुरू करा आणि मिरगाआधी छपरावरचं संपवा. भर पावसात कौलांवर चढून ग्लँड (खोक्यात तार शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच) आवळणं धोक्याचं, आणि एकदा ओल आत शिरली की ती बाहेर काढणं कठीण.

पायरी पहिली: घराचा नकाशा

एक मोठा कागद घ्या. डीबीतला एकेक एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा, त्या-त्या सर्किटचा स्विच) पाडा आणि घरभर फिरून काय काय बंद झालं ते लिहा. प्रत्येक दिवा, पंखा, प्लग. गोठा, विहिरीचा पंप, गेटवरचा दिवा, तुळशीवृंदावनाचा दिवा, बाहेरची न्हाणी, काहीही सोडू नका. हे काम घरातली दोन माणसं अर्ध्या दिवसात करू शकतात, कारण त्यात झाकण उघडायचं नाही, फक्त एमसीबी खाली-वर करायचे.

जुन्या घरात काय काय सापडेल याची तयारी ठेवा. लाकडी पट्टीवरची जुनी तार, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, मीटरपासून आत येणारी अॅल्युमिनियमची तार, आणि अर्थची तार मुळात नसलेले प्लग. लाकडी पट्टीवरची रबराची तार हातात घेतल्यावर तडकत असेल तर ती वाचवायचा प्रयत्न करू नका, तो भाग नवीनच ओढा. अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या टर्मिनलला थेट लावू नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तो सांधा दोन पावसाळ्यांत कुजतो आणि तापतो. तिथे बायमेटल लग (दोन्ही धातू जोडणारं टोक) लावा, आणि जमलं तर मीटरनंतरची तार १० एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) तांब्याची करून घ्या.

पायरी दुसरी: उसना न्यूट्रल शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून सावकाश लिहितो.

न्यूट्रलची गडबड दोन प्रकारची असते. एक, दोन सर्किटांचे न्यूट्रल मध्येच कुठल्या तरी जंक्शन बॉक्समध्ये एकत्र पिळलेले. दुसरी, एखाद्या दिव्याला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. पहिला प्रकार शोधणं सोपं. मेन बंद, सगळे एमसीबी पाडलेले, सगळी उपकरणं प्लगमधून काढलेली. वायरमनने न्यूट्रलच्या तारा पट्टीवरून सोडवायच्या, प्रत्येकीला नंबर लावायचा आणि मल्टिमीटरचा बझर लावून एकेक जोडी तपासायची. दोन नंबरांत बझर वाजला की ते दोघे आत कुठे तरी जोडलेले आहेत.

दुसरा प्रकार बझरला सापडत नाही, कारण मध्ये दिवा असतो. त्यासाठी एकाच सर्किटचा फेज आणि त्याचाच न्यूट्रल जोडून बाकी सगळे न्यूट्रल मोकळे ठेवतात, मग वीज चालू करून त्या सर्किटवरची प्रत्येक वस्तू लावून पाहतात. जी लागत नाही तिचा न्यूट्रल दुसरीकडे आहे. इथे एक मोठा धोका आहे. मोकळी ठेवलेली न्यूट्रलची तार त्या दिव्यातून जिवंत झालेली असू शकते. काळी तार म्हणून हात लावला की शॉक. म्हणून प्रत्येक सोडलेल्या तारेवर वेगळं कनेक्टर किंवा टेप हवी, नुसती डीबीत लोंबती ठेवायची नाही. तुमचा वायरमन हे न करता चाचणी करत असेल तर त्याला थांबवा.

उसने न्यूट्रल कुठे लपतात हे आता मला पाठ झालंय. पहिली जागा जिना: खालून आणि वरून लावता येणाऱ्या दिव्याचा फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल माडीचा असतो. दुसरी जागा अंगण: तुळशीच्या दिव्याला फेज व्हरांड्याच्या बोर्डातून आणि न्यूट्रल जवळून जाणाऱ्या पंपाच्या लाईनमधून घेतलेला. तिसरी, मागाहून जोडलेली खोली. चौथी, देवघर, कारण चवथीला माटोळीवर (गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीवर) रोषणाई करताना कुणी तरी एकदा एक लाईन ओढलेली असते आणि ती मग कायमची राहते.

उपाय दोन. दिव्यापर्यंत योग्य न्यूट्रल नवा ओढा, नाही तर बोर्डातला फेज बदलून दोन्ही तारा एकाच सर्किटच्या करा. दुसरा उपाय बहुतेक वेळा भिंत न फोडता होतो. जिन्याचा दिवा मात्र मी नेहमी पूर्णपणे बॅकअपवर घेतो, दोन्ही स्विचांसकट. काळोखात माणूस पडायची जागा तीच.

थ्री-फेज घरात ही तपासणी आणखी काटेकोर हवी. सिंगल-फेज हायब्रिड एकाच फेजवर बसतो, आणि दुसऱ्या फेजच्या दिव्याचा न्यूट्रल बॅकअपच्या पट्टीवर राहिला तर वीज जाते-येते तेव्हा उपकरणं जळू शकतात. थ्री-फेज पंप असेल तर तो ग्रीडवरच राहू द्या.

पायरी तिसरी: काय बॅकअपवर, काय ग्रीडवर

यादी घरातल्या सगळ्यांनी बसून करावी, कारण इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा असला तरी रात्री तो बॅटरीवर चालतो. ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी म्हणजे साधारण ५ युनिट. २ किलोवॅटचा गिझर त्यातलं एक युनिट अर्ध्या तासात खातो.

बॅकअपवर माझ्या मते इतकं असावं: सगळे दिवे, पंखे, फ्रिज, राऊटर, टीव्ही, मिक्सर आणि प्रत्येक खोलीत एक ६ अँपिअरचा प्लग. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या खोलीतला प्लग न विसरता. एसी, गिझर, इंडक्शन, इस्त्री, वॉशिंग मशीन ग्रीडवर. दिवसा ऊन असताना त्यांना सोलरची वीज मिळतेच, कारण ग्रीड चालू असेल तर इन्व्हर्टर उरलेली वीज तिकडे ढकलतो.

विहिरीच्या पंपावर लोक वाद घालतात. अर्ध्या एचपीचा पंप चालू असताना ५०० ते ६०० वॅट घेतो, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर तो पेलतो, ३ किलोवॅटचा फ्रिज आणि मिक्सर चालू असताना अडखळू शकतो. वादळात दोन दिवस लाईट नसलेल्या गावात टाकीत पाणी चढवणं किती गरजेचं असतं ते सत्तरी तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून पंप बॅकअपवर घ्या, पण त्याला स्वतंत्र एमसीबी द्या आणि लाईट गेली असेल तेव्हा तो उन्हातच चालवायचा असं घरात ठरवून ठेवा.

पायरी चौथी: दोन डीबी

जुन्याच डीबीत अर्धे एमसीबी बॅकअपचे आणि अर्धे ग्रीडचे करू नका. दोन वेगळी खोकी, दोन वेगळ्या न्यूट्रल पट्ट्या. अर्थची पट्टी मात्र दोघांची एकमेकांना जोडलेली. बॅकअपच्या डीबीत येणारा प्रत्येक फेज आणि त्याचा न्यूट्रल एकाच पाइपातून, जोडीने आणि नंबर लावून यायला हवा.

तारांचा हिशेब सरळ आहे. दिवे-पंख्यांना दीड एमएम आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. १६ अँपिअरच्या प्लगला अडीच एमएम. गिझर आणि एसीला चार एमएम, २० अँपिअर. इन्व्हर्टरपासून बॅकअप डीबीपर्यंत: ५,००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर, म्हणून सहा एमएम आणि ३२ अँपिअर. ग्रीडकडून इन्व्हर्टरला जाणारी तार मात्र या हिशेबाने ठरवू नका. तिच्यातून घराचा लोड आणि बॅटरीचं चार्जिंग दोन्ही एकदम जाऊ शकतं. मॅन्युअलमध्ये दिलेला जास्तीत जास्त करंट ४० अँपिअर असेल तर दहा एमएम टाका. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो. सारखा पडतो म्हणून मोठा लावला की तारेचं संरक्षण गेलं.

दोन डीबींच्या मध्ये एक बायपास हवाच: तीन जागांचा, दोन पोलचा रोटरी चेंजओव्हर. एका बाजूला इन्व्हर्टर, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला थेट ग्रीड. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तर घर काळोखात राहत नाही. स्विच दोन पोलचाच का? कारण फेजबरोबर न्यूट्रलही फिरायला हवा. एक पोलचा लावला की पायरी दुसरीत केलेली सगळी मेहनत पाण्यात.

आरसीसीबीची जागा नीट समजून घ्या. माणसाला वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बॅकअप डीबीत एक आणि ग्रीड डीबीत एक. इन्व्हर्टरच्या ग्रीडकडच्या बाजूला मात्र ३० चा लावू नका. पॅनेल ओले झाले की त्यांच्या चौकटीकडे थोडा करंट गळतो, ते त्या यंत्राच्या स्वभावातच आहे. मे महिन्यात व्यवस्थित चालणारा आरसीसीबी पहिल्या पावसात पडायला लागतो तो यामुळे. तिथे मॅन्युअलनुसार १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा लागतो. आणि प्रकार ‘ए’ असावा, किंवा कंपनीने ‘बी’ सांगितला असेल तर ‘बी’. दुकानात स्वस्तात मिळणारा ‘एसी’ प्रकार डीसी गळतीपुढे आंधळा होऊ शकतो.

अर्थिंग, चिऱ्याच्या जमिनीत

आपली जमीन जांभ्याची. ऑक्टोबरात ओली, मे महिन्यात वाळून दगड. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग छान दिसतं आणि एप्रिलमध्ये तेच दुप्पट-तिप्पट झालेलं असतं. म्हणून मोजणी उन्हाळ्यातच करून घ्या आणि आकडा ५ ओहमच्या खाली यायला हवा. एका रॉडने आला नाही तर ३ मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला दुसरा रॉड, पहिल्यापासून किमान ३ मीटर दूर, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले.

जागा ओलसर निवडा. न्हाणीचं पाणी जातं तिकडे, किंवा केळींजवळ. माडाचं आळंही चांगलं, पण माडाला मीठ घालायची पद्धत असेल तर तिथे जीआय पाइप पुरू नका, मीठ तो खाऊन टाकतं. खड्ड्याला झाकण आणि वर पाणी घालायची सोय असू द्या.

आता एक हिशेब, जो मी प्रत्येक घरमालकाला करून दाखवतो. अर्थचा रस्ता एकूण १० ओहमचा धरला तर फ्रिजच्या बॉडीला फेज लागल्यावर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरच्या एमसीबीला याची खबरही लागणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरलाच पडतो. अर्थिंग चांगलं असूनही आरसीसीबी का लागतो याचं उत्तर एवढंच.

बॅकअपवर असताना अर्थला अर्थ उरतो का?

हा प्रश्न मला एकाही घरमालकाने स्वतःहून विचारलेला नाही, आणि वायरमनही क्वचितच विचारतात. वीज खात्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. म्हणून आपल्या घरात गळती झाली की करंटला जमिनीतून परत जायची वाट मिळते आणि आरसीसीबी पडतो. ग्रीड तुटलं की ती वाट संपली. इन्व्हर्टरचा न्यूट्रल तरंगता, म्हणजे जमिनीला न जोडलेला, राहिला तर पहिली गळती आरसीसीबीला दिसणारच नाही.

यासाठी चांगल्या हायब्रिडमध्ये एक रिले असते. ग्रीड गेलं की ती बॅकअपचा न्यूट्रल अर्थला जोडते, ग्रीड आलं की सोडते. काही मॉडेलमध्ये ही सोय सेटिंगमधून चालू करावी लागते. व्हेंडरला स्पष्ट विचारा आणि चालू करून घ्या. काही वायरमन यावर तोडगा म्हणून डीबीतच न्यूट्रल आणि अर्थमध्ये तारेचा कायमचा तुकडा जोडतात. तसं करू देऊ नका. ग्रीड आल्यावर घराचा न्यूट्रल करंट त्या तुकड्यातून जमिनीत जाऊ लागतो.

तपासणी सोपी आहे. मेन पाडून इन्व्हर्टर बॅकअपवर आणा आणि एखाद्या प्लगमध्ये न्यूट्रल व अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. एक-दोन व्होल्ट आले तर रिले काम करते. ७०, १०० असे आकडे दिसले तर न्यूट्रल तरंगतो आहे. मग प्लगमध्ये लावायचा आरसीसीबी टेस्टर घेऊन, तो अर्थमधून ३० मिलिअँपिअर गळवतो तेव्हा आरसीसीबी पडतो का ते बघा, एकदा ग्रीडवर आणि एकदा बॅकअपवर. आरसीसीबीवरच्या ‘टी’ बटनावर यासाठी भरवसा ठेवू नका. ते बटन फेज आणि न्यूट्रलच्या मधल्या रोधातून खोटी गळती तयार करतं. घराला अर्थच नसला तरी ते बटन काम करतं.

छपरावरून खाली

५५० वॅटच्या पॅनेलचा मोकळा व्होल्टेज (काही न जोडता मोजलेला) ५० च्या आसपास. आठ पॅनेल ओळीने जोडले की ४००. आपल्याकडे थंडीत पहाटे फार तर दोन टक्के वाढतो, म्हणजे ४०८. इन्व्हर्टरची मर्यादा ५०० असेल तर आठ किंवा नऊ पॅनेल चालतात, दहा नाहीत. इतक्या व्होल्टेजला एसीचा एमसीबी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण: एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते, डीसीची तशी विझत नाही. डीसीचाच आयसोलेटर (पॅनेलची लाईन तोडायचा स्विच), डीसीचाच एसपीडी (उसळलेला व्होल्टेज अर्थकडे वळवणारा). एकच ओळ असेल तर फ्यूजची गरज नसते, तिथे कुणी उगाच खर्च सांगत असेल तर कारण विचारा.

तार सोलरसाठीचीच, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, ४ एमएम. साधी घरगुती तार आपल्या उन्हात काही वर्षांत तडकते. एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारांचे जोड) दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे असावेत, कारण दिसायला बसणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड आतून सैल राहतात आणि तापतात. ऊन असताना, करंट वाहत असताना, ते कधीच ओढून काढायचे नाहीत. आधी आयसोलेटर बंद.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तारा शेजारी-शेजारी आणा. एक छपराच्या या बाजूने आणि दुसरी त्या बाजूने आणली की मध्ये मोठा फास तयार होतो, आणि मे-ऑक्टोबरच्या विजा जवळ कुठे पडल्या तरी त्यात व्होल्टेज उसळतो. वीजवाहकाची पट्टी या तारांपासून लांबून, वेगळ्या बाजूने, स्वतःच्या रॉडकडे सरळ खाली जाऊ द्या. एसपीडीला जाणारी तार अर्ध्या मीटरपेक्षा आखूड. तिला गुंडाळी मारून ठेवली तर एसपीडीचा उपयोग कमी होतो.

खोक्यात तार खालूनच घाला, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोक द्या, म्हणजे पाणी त्या झोकावरून ठिबकून जातं. ग्लँड घट्ट असेल तर पाणीच काय, मुंग्याही आत येत नाहीत. पालींनी आणि मुंग्यांनी भरलेली खोकी मी इतकी उघडली आहेत की न वापरलेलं प्रत्येक भोक बंद करायला लावतो. समुद्राजवळच्या घरांत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, नटबोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. आणि पॅनेलच्या वर माड वाकलेला असेल तर सावलीचा हिशेब करण्याआधी पडणाऱ्या नारळाचा करा.

बॅटरीची जागा कोरडी, हवेशीर, जमिनीपासून फूट-दीड फूट वर. स्वयंपाकघरात नको, आणि घराबाहेर पडायच्या वाटेवर जिन्याखाली तर नकोच. ५ किलोवॅट पूर्ण खेचला तर बॅटरीच्या तारेत १०० अँपिअरहून जास्त वाहतात. म्हणून ३५ एमएमची तार, हायड्रॉलिक यंत्राने दाबलेले लग, आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत डीसी फ्यूज. एकाच बॅटरीवर हा इन्व्हर्टर चालवणार असाल तर बॅटरीने सांगितलेली करंटची मर्यादा सेटिंगमध्ये भरून घ्या.

वीज सोडण्याआधी

उपकरणं आणि एसपीडी काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक सर्किट मोजा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर तिथे ओल किंवा तडकलेली तार आहे. आयसोलेटरपाशी डीसीची ध्रुवता मीटरने पाहा, तारेच्या रंगावर विसंबू नका. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने चालू करा, आणि बॅकअपचे एमसीबी सगळ्यात शेवटी, एकेक करून.

सगळं चालू झाल्यावर मेन पाडा आणि इन्व्हर्टरच्या ग्रीडकडच्या टर्मिनलवर मोजायला सांगा. तिथे व्होल्टेज शून्य हवा. हे तुमच्या समोर व्हायला हवं, कारण खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्या शून्यावर आहे. नंतर बॅकअपचा सगळा लोड अर्धा तास चालवून प्रत्येक टर्मिनलचं तापमान इन्फ्रारेड मीटरने पाहा. शेजारच्यांपेक्षा जास्त तापलेला स्क्रू सैल आहे. नवी तार टर्मिनलमध्ये बसते आणि थोडी ढिली होते, म्हणून महिन्याभराने एकदा सगळे स्क्रू आवळायला वायरमनला बोलवा. हे त्याच्याशी पैसे ठरवतानाच बोलून घ्या.

डीबीच्या झाकणाच्या आत, कागद प्लॅस्टिकमध्ये घालून, तीन गोष्टी लावा: घराचा नकाशा, बंद करायचा क्रम आणि वायरमनचा फोन. बंद करायचा क्रम साधारण असा: बॅकअपचे एमसीबी, मग ग्रीडचा, मग डीसी आयसोलेटर, मग बॅटरी. मीटरजवळ मोठ्या अक्षरांत ‘या घरात सोलर आहे, दोन बाजूंनी वीज येते’ अशी पाटी लावा. घरातल्या आजीपासून शाळकरी मुलापर्यंत सगळ्यांना बायपासचा स्विच कुठे आहे आणि तो कसा फिरवायचा ते एकदा हातात देऊन दाखवा. आणि चवथीला माटोळीवर रोषणाईची लाईन ओढायची असेल तर ती कुठल्या डीबीतून घ्यायची, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा: फेज आणि न्यूट्रल, दोन्ही बॅकअपमधून.